चौकशीलाही नियम हवेत

खेळाच्या मैदानावर जो नियम मोडतो त्याला शिक्षा तेथल्या तेथे होते. पंचाची शिट्टी वाजते, हात वर होतो, आणि कोणता नियम मोडला, कोणी मोडला व त्याची शिक्षा काय, हे दोन्ही संघांना आणि भोवती उभ्या असलेल्या प्रेक्षकांना एकाच क्षणी कळते. निर्णय चुकला तरी तो उघड्यावर चुकतो. परंतु खेळाचे काही नियम असे असतात की ते मैदानावर मोडले जात नाहीत. कागदावर मोडले जातात. खेळाडूचे वय, महाविद्यालयातील त्याचा प्रवेश, त्याची हजेरी, पूर्वी तो कोणत्या संस्थेकडून खेळला, या गोष्टी त्या नियमांत येतात. त्यांच्या भंगाची चौकशी बंद खोलीत होते. तेथे शिट्टी ऐकू येत नाही, पंच दिसत नाही, आणि आपल्याविरुद्ध काही चालू आहे हेच कित्येकदा निकाल लागेपर्यंत खेळाडूच्या गावी नसते.

अशा चौकशीची रीत कोणी ठरवावी? ती सर्वस्वी क्रीडासंस्थांवर सोडावी, की लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळाने तिच्यात लक्ष घालावे? अमेरिकेतील काही राज्यांच्या विधिमंडळांनी तीन-साडेतीन दशकांपूर्वी या प्रश्नाला हात घातला आणि त्यांचे हात पोळले. आपल्याकडे हा प्रश्न अद्याप नीट विचारला गेलेला नाही. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा संमत केला व देशपातळीवरील क्रीडासंघटनांना कायद्याच्या चौकटीत आणले. त्यामुळे महाविद्यालयीन खेळाच्या बाबतीतही तो विचारण्याची वेळ आता आली आहे.

प्रमाणपत्राचे मोल

वाशीम जिल्ह्यातील मालेगावसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न दूरचा वाटण्याचा संभव आहे. वास्तविक तो तेथेच अधिक तीव्र आहे. आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने महाविद्यालयात येणाऱ्या मुलामुलींच्या घरी बहुधा कोरडवाहू शेती असते आणि सोयाबीन-तुरीच्या उत्पन्नावर घरातील सर्वांचे भागत नाही. अशा घरातून आलेल्या मुलाला कबड्डी किंवा खो-खो हा परवडणारा खेळ असतो. त्याला महागडे साहित्य लागत नाही, मोकळे मैदान आणि अंगातील रग पुरते. विदर्भाच्या या भागाला व्यायामाची परंपराही जुनी आहे. १९१४ साली अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. त्या परंपरेच्या छायेत खेळणारा विद्यार्थी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या संघात निवडला गेला म्हणजे तो ‘कलर होल्डर’ होतो, आणि गावात त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाऊ लागते.

परंतु प्रश्न केवळ मानाचा नाही. महाराष्ट्र शासनाने शासकीय व निमशासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. त्यासंबंधीचे २००५ सालचे धोरण २०१६ साली सुधारून नव्याने लागू करण्यात आले. नियमात बसणाऱ्या स्पर्धेतील यशाचे प्रमाणपत्र हाती असणे म्हणजे नोकरीच्या रांगेत काही पावले पुढे उभे राहणे होय. दहावी-बारावीच्या परीक्षांतही खेळाचे वाढीव गुण मिळतात. जेथे जागा थोड्या आणि उमेदवार अगणित आहेत, तेथे असल्या कागदाला किती मोल येते हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी नसलेल्यालाही सांगावे लागत नाही.

ज्या वस्तूला मोल येते तिची नक्कलही निघते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात वेळोवेळी उघडकीस आली आहेत आणि ज्यांनी कधी मैदानावर घाम गाळला नाही अशांनी खऱ्या खेळाडूंच्या जागा अडविल्याचे दिसून आले आहे. म्हणूनच क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या विभागीय उपसंचालकांकडून प्रमाणपत्रांची पडताळणी करून घेण्याची पद्धत आली. ती योग्यच आहे. नियम मोडणाऱ्यांची चौकशी सौम्य व्हावी असे येथे कोणी म्हणणार नाही. लबाडीने मिळविलेली प्रत्येक जागा एका प्रामाणिक खेळाडूच्या ताटातून उचललेली असते, आणि त्या प्रामाणिक खेळाडूचे नाव कोठेही छापून येत नाही.

तथापि चौकशीत चुका दोन प्रकारच्या होतात. दोषी सुटतो ही एक. निर्दोष अडकतो ही दुसरी. पहिल्या चुकीविषयी आपण सारेच बोलतो. दुसरीविषयी बोलणारा बहुधा ती ज्याच्या वाट्याला आली तो एकटाच असतो. समजा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका कबड्डीपटूविरुद्ध स्पर्धेच्या वेळी ‘प्रोटेस्ट’ दाखल झाला की, त्याचा प्रवेश नियमित नाही. महाविद्यालयाला पत्र गेले, महाविद्यालयाने कार्यालयातील कागदांवरून उत्तर पाठविले, संघ बाद झाला आणि मुलावर पुढील वर्षासाठीही बंदी आली. या साऱ्यात मुलाला कोणी बोलाविले नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर तारीख चुकीची घातली ती कारकुनाने, फॉर्म उशिरा पाठविला तो संस्थेने, आणि शिक्षा झाली ती मुलाला. त्याने दाद मागायची तर उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपूरला; तेथे वकील, कागदपत्रे, हेलपाटे. एक हंगाम सोडा, दोन हंगाम निघून जातात. पदवीची तीन-चार वर्षे हेच ज्याचे खेळाचे सारे आयुष्य, त्याच्या बाबतीत उशिरा मिळालेल्या न्यायाचा उपयोग तो काय?

नेवाडातील झगडा

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाला जे स्थान आहे त्याची कल्पना आपल्याला सहसा येत नाही. तेथे विद्यापीठांच्या बास्केटबॉल व फुटबॉलच्या सामन्यांवर प्रचंड पैशाची उलाढाल होते, आणि या साऱ्या व्यवहारावर नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन या संघटनेची हुकमत चालत आली. १९०६ साली जन्मलेली ही संघटना सरकारी नाही. विद्यापीठांनीच ती उभारली. विद्यार्थी-खेळाडूला कोणती सवलत द्यावी, त्याला संघात घेताना कोणते आमिष दाखवू नये, याचे नियम ती करते, भंगाची चौकशी ती करते, आणि शिक्षाही तीच सुनावते. नियम करणारा, तपास करणारा आणि निकाल देणारा असे तिघे एकाच छपराखाली नांदतात.

या संघटनेने नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास येथील शाखेतील बास्केटबॉल-प्रशिक्षक जेरी टार्केनियन यांच्या विरोधात चौकशी केली. नियमभंगाच्या अडतीस घटना शाबीत झाल्याचे तिने ठरविले व त्यांपैकी दहा घटनांचा ठपका टार्केनियन यांच्यावर ठेवला. १९७७ साली तिने विद्यापीठावर निर्बंध घातले व प्रशिक्षकाला दोन वर्षे दूर न केल्यास आणखी शिक्षा का करू नये याची कारणे दाखवावीत, असे बजावले. गंमत अशी की, विद्यापीठाच्या स्वतःच्या सुनावणीत आरोपांच्या पुराव्याविषयी शंका व्यक्त झाली होती. तरीही संघटनेच्या भीतीने विद्यापीठाने प्रशिक्षकाला निलंबित करण्याचे ठरविले. टार्केनियन न्यायालयात गेले. आपणास योग्य रीतीने बाजू मांडू दिली नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

अकरा वर्षांनी, डिसेंबर १९८८ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निकाल दिला. ही संघटना खाजगी आहे, ती म्हणजे राज्य नव्हे. म्हणून राज्याने नागरिकाला न्याय्य सुनावणी दिली पाहिजे हे राज्यघटनेचे बंधन तिला लागू होत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. विरोधी मत नोंदविणाऱ्यांत न्यायमूर्ती बायरन व्हाइट होते, आणि ते स्वतः एके काळचे नामवंत फुटबॉलपटू होते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

विधिमंडळांची उडी

न्यायालयाने दार लावून घेतल्यावर लोक विधिमंडळाकडे वळले. नेब्रास्काने १९९० साली आणि इलिनॉय, फ्लोरिडा व नेवाडा या राज्यांनी पुढच्या वर्षी असे कायदे केले की, महाविद्यालयीन खेळातील नियमभंगाची चौकशी आमच्या राज्यात करावयाची तर ती आम्ही सांगू त्या रीतीने करावी लागेल. नेवाडाच्या कायद्याने आरोपीला वकील देण्याचा, साक्षीदारांना समोरासमोर प्रश्न विचारण्याचा, शपथेवरील लेखी जबाब पाहण्याचा आणि निःपक्षपाती मंडळापुढे उघड सुनावणी मागण्याचा हक्क दिला. वरवर पाहता यात आक्षेपार्ह काय आहे? न्यायालयात आरोपीला मिळणारे हे साधे हक्क आहेत.

परंतु संघटनेने न्यायालयात सांगितले की, शेकडो विद्यापीठांची स्पर्धा एकाच नियमाने चालली पाहिजे. एका राज्यात एक रीत आणि दुसऱ्यात दुसरी, असे झाल्यास समान स्पर्धेचा अर्थच उरणार नाही. शिवाय, साक्षीदाराला समन्स काढून बोलाविण्याचा अधिकार आमच्यापाशी नाही. उलटतपासणीची सक्ती केल्यास साक्ष द्यायला कोण येणार? १९९३ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने नेवाडाचा कायदा रद्द ठरविला. एका राज्याने केलेला नियम पाळायचा तर संघटनेला तोच नियम देशभर लागू करावा लागेल, म्हणजे नेवाडाचे विधिमंडळ साऱ्या अमेरिकेसाठी कायदा करू पाहत आहे, आणि राज्या-राज्यांतील व्यापारावर असा भार टाकण्याचा अधिकार त्याला नाही, असे न्यायालयाने म्हटले. फ्लोरिडाच्या कायद्याचीही पुढे तीच गत झाली. टार्केनियन यांचे भांडण मात्र आणखी चालले. १९९८ साली संघटनेने पंचवीस लाख डॉलर देऊन त्यांच्याशी तडजोड केली. पहिल्या कारवाईपासून एकवीस वर्षे लोटली होती.

त्यानंतरही तो झगडा संपलेला नाही. त्याने फक्त वाट बदलली. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, मक्तेदारीविरोधी कायद्यातून या संघटनेला सूट नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत टेनेसी व व्हर्जिनिया या राज्यांनी केलेल्या दाव्यात तिचे काही निर्बंध न्यायालयाने स्थगित केले. घटनेच्या दारातून जो प्रश्न आत येऊ शकला नाही तो बाजारपेठेच्या दारातून आला. ज्या संस्थेशिवाय खेळाडूला दुसरा थारा नाही, तिची सत्ता ही खाजगी बाब राहू शकत नाही, हे शेवटी मान्य करावे लागले.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, विधिमंडळांची तक्रार खरी होती. ज्याच्या उपजीविकेवर गदा येते त्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे. दुसरी ही की, त्यांनी उचललेले पाऊल चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जागी पडले. नेवाडात कायदा झाला तेव्हा राज्याचा लाडका संघ १९९० साली राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकून आलेला होता आणि त्याच्याविरुद्ध नवी चौकशी चालू होती. त्या चौकशीतच नव्या कायद्याची ढाल पुढे करण्यात आली. न्यायाची रीत सुधारण्यासाठी केलेला कायदा आणि आपला माणूस वाचविण्यासाठी केलेला कायदा यांचे शब्द एकच असू शकतात. लोकांना मात्र त्यांतील फरक बरोबर समजतो.

आपल्याकडील दारे

भारतात कायद्याची स्थिती अमेरिकेपेक्षा खेळाडूला अधिक अनुकूल आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. क्रिकेट नियामक मंडळ हे घटनेच्या बाराव्या अनुच्छेदातील ‘राज्य’ नाही, असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली तीन विरुद्ध दोन मतांनी दिला. परंतु त्याच निकालाने दुसरे दार उघडे ठेवले. अशी संस्था सार्वजनिक स्वरूपाचे काम करीत असेल तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात तिच्याविरुद्ध दाद मागता येते. २०१५ साली क्रिकेट मंडळाच्याच प्रकरणात न्यायालयाने ही भूमिका अधिक ठाम केली. शासकीय कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे तर सरळसरळ ‘राज्य’ या व्याख्येत येतात. तात्पर्य, अमेरिकेत जे दार बंद झाले ते येथे उघडे आहे.

मग अडचण कोठे आहे? अडचण ही की, ते दार फार दूर आहे आणि तेथे पोहोचण्याचा खर्च फार मोठा आहे. जो हक्क बजावण्याचा खर्च हक्काच्या किमतीहून अधिक असतो तो हक्क पुस्तकातच राहतो. शिवाय दाद कोणत्या नियमाच्या आधारे मागायची? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने प्रत्येक विद्यापीठात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाची तरतूद केली. पात्रतेच्या वादाची चौकशी कशी करावी हे त्याने सांगितले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ सालच्या विनियमांनी विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी समित्या व लोकपाल नेमावयास सांगितले. परंतु त्यांचा रोख प्रवेश, शुल्क, परीक्षा या गोष्टींवर आहे. नोकरीतील आरक्षण व प्रमाणपत्रांची पडताळणी शासन निर्णयांवर उभी आहे, आणि शासन निर्णय हा शासनाला हवा तेव्हा बदलता येतो. संसदेच्या २०२५ च्या कायद्याने राष्ट्रीय क्रीडा मंडळ व क्रीडा न्यायाधिकरण आणले. पण त्याचे लक्ष राष्ट्रीय महासंघांकडे आहे, तालुक्याच्या महाविद्यालयातील क्रीडाविभागाकडे नव्हे.

नियम नसले म्हणजे काय होते याचे उदाहरण त्याच वर्षी देशापुढे आले. बॅडमिंटनपटू लक्ष्य सेन यांच्या वयाच्या नोंदीविषयी क्रीडा अधिकाऱ्यांनी पूर्वीच तपास करून विषय मिटविला होता. तरीही अनेक वर्षांनी त्याच आरोपावरून गुन्हा नोंदविला गेला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. नामवंत खेळाडू दिल्लीपर्यंत जाऊ शकला. ज्याचे नाव जिल्ह्याबाहेर कोणाला ठाऊक नाही त्याने कोठे जावे?

न्याय म्हणजे न्यायालय नव्हे

यावर महाविद्यालयातील अनुभवी मंडळी म्हणतील की, प्रत्येक हरकतीवर खटला चालवायचा तर स्पर्धा कधी घ्यायच्या? शारीरिक शिक्षण संचालकाने मैदान आखायचे, की वकिलांच्या नोटिशींना उत्तरे द्यायची? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु त्याचे उत्तर आपल्याच न्यायालयांनी परीक्षांतील गैरप्रकारांच्या बाबतीत कधीच देऊन ठेवले आहे.

उत्तर प्रदेशातील माध्यमिक परीक्षा मंडळाच्या प्रकरणात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कॉपीचा आरोप ठेवून विद्यार्थ्याचा निकाल रद्द करणारी समिती न्यायनिवाड्याचेच काम करीत असते. म्हणून त्याला म्हणणे मांडू दिल्यावाचून तिला शिक्षा करता येणार नाही. १९७० साली बिहारमधील प्रकरणात त्याच न्यायालयाने दुसरी बाजू सांगितली. एखाद्या केंद्रावर सामुदायिक कॉपी झाल्यामुळे साऱ्या केंद्राची परीक्षाच रद्द केली, कोणा एकावर ठपका ठेवला नाही, तर प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळी सुनावणी देण्याचे कारण नाही. आणि १९७३ साली रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात न्यायालयाने मान्य केले की, मुलींच्या वसतिगृहात शिरलेल्या विद्यार्थ्यांसमोर त्या मुलींना उलटतपासणीसाठी उभे करणे हा न्याय नव्हे. आरोप समजावून सांगून खुलासा मागितला, एवढे पुरेसे आहे.

या तीन निकालांतून जो धडा मिळतो तो नेवाडाच्या विधिमंडळाला सापडला नव्हता. नैसर्गिक न्याय ही एकाच मापाची टोपी नाही. आरोप कोणता, शिक्षा किती आणि साक्षीदार कोण हे पाहून तिचे माप ठरते. संघाचा एक सामना रद्द होणे वेगळे आणि एका विद्यार्थ्यावर वर्षाची बंदी येऊन त्याचे प्रमाणपत्र बाद होणे वेगळे. पहिल्यासाठी पंचमंडळाचा तात्काळ निर्णय पुरेसा आहे. दुसऱ्यासाठी तो पुरेसा नाही.

कायद्याची मर्यादा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत खेळ हा विषय आहे. विद्यापीठांची स्थापना व नियमन हाही आहे. शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले. तेव्हा आपल्या राज्यातील विद्यापीठांनी पात्रतेच्या चौकशीची किमान रीत कोणती पाळावी, हे ठरविण्याचा अधिकार महाराष्ट्राच्या विधिमंडळाला आहे, असे मानण्यास जागा आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धांचे सूत्र मात्र भारतीय विद्यापीठ संघाकडे आहे. १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून स्थापन झालेल्या या संघाच्या स्पर्धांत साऱ्या देशाची विद्यापीठे उतरतात. त्या स्पर्धांचे नियम मुंबईत किंवा नागपुरात बसून बदलू पाहणे म्हणजे नेवाडाची चूक पुन्हा करणे होईल. आपले घर आधी नीट करावे. देशाच्या नियमाचा प्रश्न संघाकडे अथवा संसदेकडे न्यावा.

घर नीट करण्यासाठी फार काही लागत नाही. ज्याच्याविरुद्ध हरकत आली त्याला कोणता नियम मोडल्याचा आरोप आहे हे लेखी कळवावे आणि ज्या कागदांवर तो आधारला आहे ते दाखवावेत. त्याला स्वतः येऊन, हवे असल्यास एका शिक्षकाला किंवा पालकाला बरोबर आणून, बोलू द्यावे. वकिलाची गरज नाही, पण मुक्याने शिक्षा भोगण्याचीही नाही. ज्याने तपास केला त्याने निकाल देऊ नये, आणि निकाल देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी महाविद्यालयाचा किंवा त्याच शिक्षणसंस्थेचा माणूस नसावा. निकाल कारणांसह लेखी असावा आणि पुढची निवड चाचणी होण्यापूर्वी लागावा. त्यावर एकच अपील असावे व ते झाल्यावर विषय कायमचा मिटावा. हरकत घेणाऱ्याला आणि ज्याची जागा गेली त्या खेळाडूलाही निकालाची प्रत मिळावी. कारण तोही या वादातील पक्षकारच आहे.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. चूक टाळणे ज्याच्या हाती होते त्याच्यावर चुकीचा भार पडला म्हणजेच चुका कमी होतात. हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्व आहे. पात्रतेचा फॉर्म महाविद्यालय भरते, त्यावर प्राचार्यांची सही व शिक्का असतो. विद्यार्थ्याने खोटा दाखला दिला असेल तर शिक्षा त्याला व्हावी. परंतु बाहेरचा तगडा खेळाडू नावापुरता प्रवेश देऊन संस्थेनेच आणला असेल, तर ढालीच्या मोहापायी हा व्यवहार करणारी संस्था नामानिराळी राहता कामा नये. आज संघ बाद होतो, मुलांची वर्षे जातात आणि संस्था पुढच्या वर्षी नवे खेळाडू शोधते. ज्या शिक्षेची झळ गुन्हेगाराला लागत नाही तिला शिक्षा कसे म्हणावे?

याउलट, कायद्याने काय करू नये हेही तितकेच स्पष्ट असावे. चालू असलेली कोणतीही चौकशी थांबविण्याचा अधिकार मंत्र्याला अथवा सचिवाला देऊ नये. सामन्याचा निकाल बदलण्याची वाट ठेवू नये. आणि नवी रीत जुन्या प्रकरणांना लागू करू नये. नाही तर तो कायदा कोणासाठी झाला, हे लोक दुसऱ्या दिवशी नाव घेऊन सांगतील. ही भीती निराधार नाही. महाराष्ट्रात शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष, क्रीडासंघटनेचा पदाधिकारी आणि आमदार ही तिन्ही पदे पुष्कळदा एकाच घरात नांदतात. क्रिकेट मंडळाच्या कारभारातून मंत्र्यांना दूर ठेवावे, ही न्यायमूर्ती लोढा समितीची शिफारस सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली स्वीकारली ती काही उगीच नव्हे. विधिमंडळाने चौकशीची रीत ठरवावी. चौकशीत बसू नये. पंचांसाठी नियमांचे पुस्तक लिहिणारा वेगळा आणि सामना चालू असताना पंचाच्या कानाला लागणारा वेगळा.

वाट पाहण्याचे कारण नाही

खरे पाहता कायद्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. विद्यापीठाच्या अधिसभेत निवडून गेलेले प्राध्यापक, प्राचार्य व पदवीधर प्रतिनिधी हा विषय उद्या मांडू शकतात. परिनियम किंवा विनियम करण्याचा अधिकार विद्यापीठाला आहे, आणि चार पानांची नियमावली करण्यास कोणतेही अनुदान लागत नाही. विद्यापीठांनी हे स्वतःहून केले तर विधिमंडळाला हस्तक्षेपाचे निमित्त राहणार नाही. स्वायत्ततेचा सर्वांत भक्कम बचाव न्याय्य कारभार हाच असतो. ज्या संस्था आपल्या घरात न्याय देत नाहीत त्यांच्या घरात शेवटी बाहेरचे लोक शिरतात, आणि ते नेहमीच शुद्ध हेतूने शिरतात असे नाही. नेवाडाची कहाणी दुसरे काय सांगते?

मालेगावच्या मैदानावर संध्याकाळी सराव करणाऱ्या मुलांना शिट्टीचा अर्थ बरोबर समजतो. बाद झालेला गडी कुरकुर करीत का होईना, रेषेबाहेर जाऊन बसतो. कारण आपण कोठे चुकलो हे त्याने आणि साऱ्यांनी पाहिलेले असते. महाविद्यालयाच्या कार्यालयात आणि विद्यापीठाच्या फायलींतही त्याला तेवढेच समजले पाहिजे. शिक्षा होऊ नये असे त्याचे मागणे नाही. शिक्षा का झाली ते सांगा, आणि ती होण्यापूर्वी आपले म्हणणे ऐका, एवढेच त्याचे मागणे आहे. ते पुरे करण्यास विधिमंडळाला फार मोठी बुद्धिमत्ता लागणार नाही आणि विद्यापीठांना मोठा खर्चही येणार नाही. लागेल ती फक्त या मुलांचा वेळ मोलाचा आहे, याची जाणीव.